कुणालाच नको असलेली मोटारसायकल घेताना

पहिल्या दिवशी मी माझ्या गाडीला सत्तावीस किका मारल्या. अठ्ठाविसावी शेजारच्या कॉलेजातल्या पोराने मारली आणि गाडी चालू झाली. त्याने किक मारण्याआधी एवढंच केलं, की खाली वाकून पेट्रोलचा कॉक उघडला. तो कॉक आदल्या रात्री मीच, पुस्तकात वाचून, मोठ्या जबाबदारीने बंद केला होता.

त्याला बरीच वर्षं झाली. गाडी अजून आहे. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा व्होल्टचा दिवा. त्या दिव्याने रस्ता दिसत नाही, समोरच्याला आपण दिसतो एवढंच. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव सांगितलं की समोरचा एकतर हसतो, नाहीतर ‘आमच्या काकांकडे होती, विकून टाकली’ म्हणतो. दोन्हींची सवय झाली आहे.

ज्यांना अशीच एखादी गाडी खुणावते आहे, त्यांच्यासाठी हा लेख. लिलावात बोली लागणाऱ्या गाड्यांबद्दल मला काही कळत नाही. ज्या लाखांनी बनल्या, लोकांनी रोज राबवल्या आणि एक दिवस सगळ्यांना नकोशा झाल्या, त्या गाड्यांबद्दल चार गोष्टी कळतात. त्याही बऱ्याचशा चुका करून.

१. गाडी शोधण्याआधी तिचे पार्ट शोधा

नवखा माणूस हे उलट करतो. आधी प्रेमात पडतो, गाडी घरी आणतो आणि मग क्लच प्लेटा कुठे मिळतात ते विचारत फिरतो. तुम्ही कागदावर पाच नावं लिहा: पिस्टन आणि रिंगा, क्लच प्लेटा, क्रँकचे ऑइल सील, कंट्रोल केबल, पॉइंट-कंडेन्सर (वेळेवर ठिणगी पाडणारी जोडी). मनात असलेल्या मॉडेलसाठी या पाच गोष्टी कुठून मिळतील याचं उत्तर सापडलं, तरच गाडी बघायला निघा.

या परीक्षेत साध्या, कमी प्रतिष्ठेच्या गाड्या पहिल्या येतात. भरपूर बनल्या म्हणून भरपूर सुटे भाग उरले, आणि एकाचे भाग दुसरीला बसतात. जर्मनीच्या डीकेडब्ल्यूची १९३९ ची आरटी १२५ हे याचं मोठं उदाहरण. महायुद्धानंतर तिचा आराखडा नुकसानभरपाई म्हणून जेत्या देशांकडे गेला. त्यातून ब्रिटनमध्ये १९४८ ला बीएसए बँटम आली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची १२५ आली, सोव्हिएत रशियात मॉस्क्वा आली. पूर्व जर्मनीत तर मूळ कारखान्यातच तो वारसा पुढे एमझेड नावाने चालला. जपानमध्ये यामाहाने १९५५ साली आपली पहिली मोटारसायकल वायए-१ काढली, तीही याच घराण्यातली. एका साध्या टू-स्ट्रोकची इतकी भावंडं जगभर पसरली, कारण ती बनवायला सोपी होती. आणि जी बनवायला सोपी, ती दुरुस्तीलाही सहसा सोपी.

होंडाची सीजी १२५ घ्या. तेल वेळेवर न बदलणारे मालक गृहीत धरूनच ती १९७० च्या दशकात आखली गेली. म्हणून वरच्या कॅमऐवजी जुन्या पद्धतीचे पुशरॉड, म्हणजे खालून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सळ्या. किंवा १९७८ ची होंडा सीएक्स ५००: पाण्याने थंड होणारं व्ही-ट्विन इंजिन, चेनऐवजी शाफ्ट. ब्रिटनमध्ये तिला ‘प्लॅस्टिकची अळी’ असं चिडवलं गेलं, आणि तिथल्याच कुरियरवाल्यांनी ती अफाट पळवली. एमझेडच्या चेनवर रबरी नळ्यांचं पूर्ण आवरण असतं. धूळ नाही, पाऊस नाही, चेन वर्षानुवर्षं टिकते. दिसायला ओबडधोबड, पण ज्याने ती चेन एकदा उघडून पाहिली तो पुन्हा हसत नाही.

उलट ‘ह्या फक्त पाचशेच बनल्या होत्या’ असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर ती धोक्याची सूचना समजा. पाचशे गाड्यांचे पार्ट पाचशे मालक शोधत असतात.

२. गाडी बघायला जाताना

सोबत टॉर्च, छोटं लोहचुंबक, दोन फडकी, प्लगचा पाना आणि वही घ्या. आणि शक्य असेल तर या छंदात जुना झालेला एक माणूस, ज्याला ती गाडी आवडलेली नाही. तुमचं भान सुटलं की तो कोपर मारेल.

पोचल्याबरोबर बोलत बोलत इंजिनाला हात लावा. कोमट लागलं, तर तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवली होती. जुन्या गाडीचा खरा स्वभाव थंड असतानाच कळतो. मी अशा वेळी चहापाणी घेऊन थांबतो आणि इंजिन गार झाल्यावर परत बघतो. विकणाऱ्याला ते आवडत नाही.

मग क्रमाने:

किक हाताने दाबा. मधे घट्ट अडून मग सुटायला हवी. लोण्यासारखी खाली गेली तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नाही. गच्च असेल तर पायाने झटका देऊ नका; आत काय अडकलं आहे माहीत नसताना जोर लावून लोक चांगली गिअरपेटी फोडतात.

टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा. थोडा तांबूस गंज चालतो. तळाशी खपल्या किंवा वार्निशसारखा वास असेल, तर कार्ब्युरेटरच्या आतही तेच आहे हे धरून चाला.

चुंबक टाकीच्या कडांवरून आणि लोखंडी मडगार्डवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे.

मागच्या स्प्रॉकेटवर चेन बोटाने मागे ओढा. अर्धा दात दिसला तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण संच गेला. नुसती चेन बदलून भागत नाही, नवी चेन झिजलेल्या दातांवर लवकर संपते.

टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या कोडाच्या शेवटी चार आकडे असतील: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. नक्षी कितीही चांगली दिसो, त्यावर बसून घरी येऊ नका.

पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलवा, कटकट जाणवली तर स्टिअरिंगच्या गोळ्या-वाट्या बघाव्या लागतील. चाक हाताने कडेकडेला हलवा, बेअरिंग कळतं.

आता चालू करा आणि धूर बघा. फोर-स्ट्रोकमध्ये ॲक्सिलरेटर सोडून परत दिल्यावर निळ्या धुराचा झोत आला तर व्हॉल्व्हचे गाइड, सतत येत असेल तर रिंगा. टू-स्ट्रोकने थोडा धूर काढायचाच. पण गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर थांबत नसेल आणि गिअरपेटीतलं तेल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचा क्रँक सील गेला आहे आणि इंजिन गिअर ऑइल पितं आहे. ते दुरुस्त होतं, पण इंजिन उघडावं लागतं. गाडी ठरवताना ते धरा.

विकणाऱ्याची काही वाक्यं जगात सगळीकडे सारखीच असावीत. ‘चालू कंडिशनमध्ये उभी केली होती.’ ‘फक्त कार्ब्युरेटर साफ करायचाय.’ फक्त कार्ब्युरेटरच साफ करायचा असता, तर त्याने तो अर्ध्या तासात साफ करून जास्त पैसे मागितले असते.

३. कागदपत्रं

इथे भावनेला जागा नाही. कागद नसलेली गाडी म्हणजे महाग लोखंड. पैसे देण्याआधी हे हातात हवं:

• नोंदणीचा मूळ कागद, आणि तो विकणाऱ्याच्याच नावावर. ‘आधीच्या मालकाचं नाव आहे, पण काही अडचण येत नाही’ हे वाक्य ऐकलं की उठा.
• इंजिन आणि चासी नंबर कागदाशी जुळतात याची तुम्ही स्वतः केलेली खात्री. ग्रीस पुसा, टॉर्च मारा, एकेक आकडा वाचा. आकडे वेडेवाकडे, वेगवेगळ्या खोलीचे किंवा घासलेल्या जागेवर असतील तर सोडून द्या.
• कर्जाचा बोजा नसल्याचा पुरावा.
• विक्रीचा करार, तारखेसह, दोघांच्या सह्यांनी.
• तुमच्या भागातल्या नियमांनुसार एवढ्या जुन्या गाडीची नोंदणी आणि विमा होऊ शकतो का, याचं उत्तर. हे गाडी घेण्याआधी विचारायचं असतं.

इंजिन बदललेलं असणं हा गुन्हा नाही, जुन्या गाड्यांत ते सर्रास असतं. बदललेलं आणि कागदावर न चढवलेलं, ही मात्र डोकेदुखी.

मालकाकडे छापील मॅन्युअल, पार्टांचं पुस्तक, जुनी बिलं असतील तर तीही मागून घ्या. माझ्या गाडीबरोबर एक तेलकट वही आली होती. आधीच्या मालकाने प्रत्येक वेळी बदललेला प्लग तारखेनिशी लिहिला होता. गाडीने मला जितकं शिकवलं, जवळजवळ तितकंच त्या वहीने.

४. पहिला महिना: उघडू नका

गाडी घरी आली की हात शिवशिवतात. ‘एकदा सगळी खोलून नीट करू’ असं वाटतं. नका करू. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत खोक्यांत भरलेल्या गाड्या सर्रास दिसतात. त्यातल्या बऱ्याचशा कुणीतरी पहिल्याच उत्साहात खोललेल्या असतात. रंग आणि क्रोम तर शेवटची गोष्ट. रंगवलेल्या टाकीतून पेट्रोल ठिबकायला लागलं की काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे.

पहिल्या महिन्यात फक्त जिवाशी संबंध असलेल्या आणि हमखास जुन्या झालेल्या गोष्टी:

ब्रेक. ड्रम उघडा, पण आतली धूळ फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बंद करून टाका. लायनर काचेसारखा चकचकीत झाला असेल तर बारीक पॉलिश पेपरने, ओला करूनच, घासा. तेल प्यायलेला असेल तर बदला. डिस्क असेल तर ब्रेकचं जुनं ऑइल पूर्ण काढा. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. उभ्या गाडीत ते कधी बदललं होतं हे कुणालाच आठवत नसतं.

टायर, ट्यूब, पेट्रोलची नळी, केबल. यांत काटकसर नको.

तेल. इंजिन आणि गिअरपेटीचं ऑइल काढून पांढऱ्या फडक्यावर थोडं ओता. दुधाळ दिसलं तर पाणी, चमचमलं तर धातू. बारीक चंदेरी धूळ जुन्या गाडीत असते. नखाने उचलता येईल असा तुकडा असेल तर इंजिन बंद ठेवा आणि शोध घ्या. तेलाची टाकी वेगळी असलेल्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत आणखी एक खोच आहे: गाडी बरेच महिने उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये उतरतं. टाकी रिकामी दिसते, मालक वरून नवं तेल ओततो, आणि चालू केल्यावर सगळ्या सांध्यांतून तेल बाहेर. आधी खालचा बोल्ट काढून बघा.

गंजलेली टाकी. मूठभर नट आणि थोडं पाणी घालून हलवणं ही जुनी युक्ती. नट मोजून घाला आणि मोजून काढा. त्याहून चांगलं म्हणजे धुण्याचा सोडा घातलेलं पाणी आणि बॅटरी चार्जर: टाकीला निगेटिव्ह, मधे टाकीला न टेकता टांगलेल्या साध्या लोखंडी सळीला पॉझिटिव्ह. स्टेनलेस स्टीलची सळी अजिबात वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर करा, आणि पेट्रोलचा अंश पूर्ण धुतल्यावरच. टाकीला वेल्डिंग घरी करू नका. टाकी रिकामी दिसली तरी आत पेट्रोलची वाफ असते.

जे काही सोडाल त्याचा आधी फोटो काढा. वायरिंगचे तर तीन बाजूंनी.

५. हत्यारं

घरातला पान्यांचा संच काढून कामाला लागलात, तर पहिल्या दिवशी दोन नट गोल कराल. आधी आपल्या गाडीची भाषा ओळखा. युरोपीय आणि जपानी गाड्यांना मेट्रिक पाने चालतात. १९६० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात, आणि त्या पान्यावरचा आकडा तोंडाची रुंदी सांगत नाही, बोल्टाची जाडी सांगतो. ‘साधारण बसतोय’ असा मेट्रिक पाना लावला की नट जातो.

जपानी गाड्यांच्या चौफुली स्क्रूंचाही असाच घोळ. ते दिसतात नेहमीच्या फिलिप्ससारखे, पण जपानी मानकाचे असतात. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, घसरतं, आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं. लोक मग ‘जपानी स्क्रू लोण्याचे’ म्हणून नावं ठेवतात. योग्य टोकाचा एक पेचकस आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, एवढ्यावर काम होतं.

याशिवाय: फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), प्लगचा पाना, साधा मल्टिमीटर, तारेचा ब्रश, पॉइंट घासायला बारीक पॉलिश पेपर, जुना दात घासायचा ब्रश. टॉर्क पाना उसना मिळाला तरी चालेल. प्लग मात्र आधी हातानेच फिरवून बसवा. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की दहा मिनिटांचं काम दहा दिवसांचं होतं.

६. पेट्रोल आणि तेल

टू-स्ट्रोकमध्ये वेगळा ऑइल पंप नसेल तर पेट्रोलातच तेल मिसळायचं असतं. प्रमाण गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं: २०:१ म्हणजे लिटरला ५० मिली, २५:१ म्हणजे ४०, ३२:१ म्हणजे सुमारे ३१, ५०:१ म्हणजे २०. तेल आजचं चांगलं असलं तरी मनानेच प्रमाण कमी करू नका. जास्तही नको: तेल वाढलं की तेवढ्याच जागेत पेट्रोल कमी जातं, मिश्रण उलट हलकं (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, आणि सायलेन्सर काजळीने गच्च भरतो. मिसळायचं ते डब्यात, हलवून. टाकीत नुसतं ओतलं तर तेल तळाला बसतं आणि पहिले काही किलोमीटर कार्ब्युरेटर तेच पितो.

इथेनॉल ही नवी कटकट. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि फ्लोटच्या सुईचं रबर फुगतं किंवा मऊ पडतं, फायबरच्या टाकीचं रेझिन सुटतं, आणि उभ्या गाडीत ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नव्या प्रकारच्या रबराच्या नळ्या आणि सील घाला, आणि पेट्रोल महिनोन्‌महिने कार्ब्युरेटरमध्ये पडू देऊ नका.

पेट्रोलात आता शिसं नसतं, याची काळजी मात्र फार करू नका. शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथेही ते २०२१ मध्ये थांबलं. जुन्या फोर-स्ट्रोकच्या मऊ व्हॉल्व्ह सीटना शिशाचा आधार होता हे खरं. पण मध्यम वेगाने चालवलेल्या गाडीत झीज हळू होते. टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) तपासत राहा. गॅप पुन्हा पुन्हा कमी होत गेली, तेव्हा हेड उघडून कडक सीट बसवून घ्या. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्हच नाहीत, त्यामुळे हा प्रश्नच नाही.

७. चालवायला शिकणं

हो, शिकणं. तुम्हाला गाडी येत असेल, ही गाडी येत नाही.

जुन्या ब्रिटिश गाड्यांचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो, शिवाय पहिला गिअर वर. संकटात पाय सवयीने जातो, आणि ब्रेक म्हणून तुम्ही गिअर दाबता. मोकळ्या मैदानात तासभर घासा. जावाच्या जुन्या मॉडेलांत गिअरचा आणि किकचा दांडा एकच: आत दाबून वर फिरवला की किक, खाली पाडला की गिअर. पहिल्यांदा बघणारा माणूस किक शोधत गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो.

थंड गाडी चालू करायचा माझा क्रम: कॉक उघडा, कार्ब्युरेटरवरचं टिकलर (जादा पेट्रोल सोडणारं बटण) पेट्रोल दिसेपर्यंत दाबा, चोक लावा, चावी न फिरवता दोन किका हळू मारा, मग चावी आणि एक पुरती किक. गरम गाडीला यातलं काहीही करू नका, प्लग ओला होईल. प्रत्येक गाडीचा क्रम थोडा वेगळा असतो. आठवड्याभरात तुमचा तुम्हाला सापडेल, आणि मग दुसऱ्या कुणाकडून ती चालू होणार नाही. (चोरीपासून याहून चांगलं संरक्षण मला माहीत नाही.)

ब्रेक लागतात, पण लगेच नाही. समोरच्या गाडीपासून आज ठेवता त्याच्या दुप्पट अंतर ठेवा, पावसात आणखी. ओल्या ड्रमला पहिल्या दाबाला काहीच होत नाही.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी एक गोष्ट मी स्वतः भोगून सांगतो. एका रविवारी मी एकाच बैठकीत प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला आणि, कुणीतरी सांगितलं म्हणून, एक नंबर लहान जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) टाकला. गाडी काय पळत होती! लांब उताराला मी ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि गिअरमध्येच उतरू दिली. मधेच आवाज एकदम चिंबला, जणू कुणी तोंडावर हात ठेवला, आणि मागचं चाक घासत गेलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. कडेला बसलो. सिलिंडरच्या पात्या गार होताना टिक टिक करत होत्या, बाकी शांतता. अर्ध्या तासाने किक पुन्हा खाली गेली. सिलिंडर उघडला तेव्हा पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या अंगावर ॲल्युमिनियम फासल्यासारखं ओघळलेलं होतं.

ॲक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि तेल पेट्रोलातच असल्यामुळे तेलही बंद. इंजिन मात्र वेगात फिरतंच आहे. त्यात मिश्रण आधीच हलकं. म्हणून उताराला मधूनमधून थोडा ॲक्सिलरेटर देत राहा. आवाज घट्ट झाला, ताकद कमी झाली असं वाटलं की विचार न करता क्लच. डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर ठेवायची सवय मला त्या दिवशी लागली.

चालवण्याची मजा कुठे आहे, असं लोक विचारतात. ताशी ५५-६० वर ही गाडी खूश असते, आणि त्या वेगाला रस्त्याच्या कडेची झाडं ओळखता येतात. थांबलं की कुणीतरी येऊन टाकीवर हात ठेवतं आणि परवानगी न विचारता बोलायला लागतं. नव्या, महागड्या गाडीजवळ असं कुणी येत नाही, लांबूनच बघतात.

८. बंद पडली तर

पडणारच. पेट्रोल, ठिणगी, कॉम्प्रेशन. या क्रमाने, आणि एका वेळी एकच.

कार्ब्युरेटरला जाणारी नळी काढून पेट्रोल धारेने येतं का बघा. थेंब थेंब येत असेल तर टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असू शकतं. झाकण सैल करून पुन्हा पाहा. मग प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल पोचतं आहे, कोरडा असेल तर नाही. प्लग कॅपमध्ये घालून इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून दूर, आणि किक मारा. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळट, मरगळलेली असेल तर पॉइंट पुसा, गॅप तपासा, साधारण ०.३५ ते ०.४० मिमी, पण आपल्या गाडीचा आकडा प्रमाण. गाडी थंड असताना चालते आणि गरम झाल्यावर मरते, अर्ध्या तासाने पुन्हा चालते: कंडेन्सर किंवा कॉइल. टू-स्ट्रोकमध्ये क्रँक सीलही याच तऱ्हेने छळतो.

दिव्यांचे बरेचसे बिघाड अर्थिंगचे निघतात. रंगाखाली किंवा गंजाखाली बोल्ट धातूला टेकतच नाही. आणि बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांना बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थ असतं. सवयीने उलटी जोडली की जे जळायचं ते एका क्षणात जळतं.

माझ्या त्या रविवारी खरा गुन्हेगार कोण, प्लग, फिल्टर की जेट, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही, कारण तिन्ही एकदम बदलले होते. तेव्हापासून वहीत एक ओळ, एक बदल, मग पन्नास किलोमीटर, मग प्लगचा रंग. बदामी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर मिश्रण हलकं, काळा आणि काजळलेला असेल तर जड.

९. उभी करून ठेवताना

महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर लोखंडी टाकी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत गंजायला हवा उरत नाही. कॉक बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. बॅटरी काढून घरात आणा. टायरवर वजन नको, मधल्या स्टँडवर लावा. प्लग काढून चमचाभर तेल सिलिंडरमध्ये सोडा, चावी बंद ठेवून दोन किका मारा, प्लग परत लावा. आणि हँडलला चिठ्ठी बांधा: ‘कॉक बंद आहे.’

दर रविवारी पाच मिनिटं नुसती चालू करून ठेवणारे बरेच जण भेटतील. त्यात इंजिन पुरतं तापत नाही, जळण्यातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात तसंच राहतं, बॅटरीही धड भरत नाही. चालू करायचीच तर अर्धा तास फिरवून आणा.